जुन्या लाइनवर अकरा दिवस

तीन मिनिटं झाली की बाई फोन ठेवून द्यायच्या. पलीकडे कोण आहे, रडतंय की हसतंय, वाक्य पुरं झालंय की नाही, काही बघायच्या नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी झालेली, तीही परगावचे फोन तीन-तीन मिनिटांनी मोजायच्या ट्रंक कॉलच्या काळापासून, त्यामुळे तीन मिनिटं अंगात मुरलेली. परदेशातला मुलगा दर रविवारी फोन करायचा. तो बिचारा आधी कागदावर मुद्दे लिहून घ्यायचा. एकदा एक मुद्दा राहून गेला तर त्याने मला फोन करून तो आईला कळवायला सांगितला होता. तीन मिनिटांत ज्याला सांगता येत नाही त्याने पत्र लिहावं, असं बाईंचं म्हणणं. पत्र कुणी लिहिलं नाही हा भाग वेगळा.

भिंगारमध्ये, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर आहे. वरच्या दोन खोल्या माझ्या, भाड्याने. गल्लीत त्यांना टेलिफोनवाली म्हणत, आणि पाठीमागे डोकं फिरलेली म्हणत. म्हणू देत. भिंगारमध्ये डोकं ठिकाणावर असलेलं माणूस मला एकच भेटलं, ते ह्या बाई. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला खोचलेला टेस्टर. घरातल्या प्रत्येक वायरला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, आणि नंबर कुठून कुठे जातो त्याची वही. गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या तारांनासुद्धा नंबर होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खाली बोलावून सांगितलं की तुझ्या चादरी चार नंबरवर नको, ती तार डावीकडून सैल आहे. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मी नवऱ्याचं घर सोडून आले होते. का सोडलं ते इथे लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय आणि बाकीच्यांनी आपापली घरं सांभाळावीत. माहेर सोनईला. मोठा भाऊ शेती बघतो, माणूस सोन्यासारखा, पण त्याचं एकच पालुपद होतं: घरात दोन खोल्या रिकाम्या हायेत, तू इकडं ये. त्या खोल्या मला माहीत होत्या. त्या खोल्यांत मी जन्मभर 'परत आलेली' म्हणून राहिले असते. वहिनी कधी वाकडं बोलली नसती, शेजारणींनी तेवढं काम केलं असतं.

माझं पोट एका लॅपटॉपवर होतं. लग्नाआधी घेतलेला, जाडजूड, डीव्हीडीची खाच असलेला. त्यावर मी मराठी टायपिंग आणि पुस्तकांची जुळणी करते. नगरच्या तीन-चार प्रेसचं काम माझ्याकडे यायचं. त्यात एक अडचण अशी की जुनी गिऱ्हाइकं जुन्या फाँटमध्येच अडकलेली, आणि त्या फाँटचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर, तेही ह्याच मशीनवर चालायचं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. नव्या मशीनवर ते चढवायचं कसं हे सांगायला दुनियेत कुणी शिल्लक नव्हतं. म्हणजे लॅपटॉप गेला की अर्धा धंदा गेला.

एका दिवाळीत भावाने फारच लावून धरलं, तेव्हा मी वैतागून बोलून गेले, "हा लॅपटॉप चालतोय तोवर मी भिंगारला. ज्या दिवशी तो बंद पडेल त्या दिवशी मी आपणहून येते." भावाने ते पक्कं धरलं. तेव्हापासून त्याचा फोन आला की पहिला प्रश्न, चालू हाय का. माझ्या तब्येतीची चौकशी त्यानंतर.

बाईंनी माझ्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, ते त्याच्याही आधी. त्यांचं आणि विंडोजचं भांडण जुनं होतं. मुलाने पाठवलेल्या लॅपटॉपवर त्या एकदा काहीतरी लिहीत बसल्या होत्या, आणि मशीन त्यांना न विचारता बंद होऊन, स्वतःला अपडेट करून, अर्ध्या तासाने परत उघडलं. लिहिलेलं गेलं. दुसरी बाई चार शिव्या घालून गप्प बसली असती. ह्यांनी दोन महिने वाचून काढलं, लिनक्सची डीव्हीडी मागवली आणि तो लॅपटॉप पुसून कोरा केला. माझ्या घरातला दिवा मला न विचारता कुणी मालवायचा नाही, एवढंच त्यांचं तत्त्व. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. मला हे आवडलं. मला त्या काळात कुणी काही न विचारता ठरवलं की अंगाची लाही व्हायची, त्यामुळे आमचं जमलं.

माझं विंडोज मात्र पुसून चालणार नव्हतं. म्हणून माझ्या मशीनवर दोन्ही. चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, आणि मी बाण खालीवर करून निवडायचे. जुन्या फाँटचं काम असलं तर विंडोज, बाकी सगळं लिनक्सवर. बाई विंडोजला कधी विंडोज म्हणत नसत, 'तुझं ते दुसरं' म्हणत.

मग एका उन्हाळ्यात डिस्क वाजायला लागली. टक, टक, मध्येच थांबून परत टक. फाईल उघडायला चहा होईल एवढा वेळ लागायचा. नगरमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदाराने झाकण न उघडताच सांगितलं की मॅडम ह्यात आता दम नाही, नवीन घेऊन टाका, जुना डेटा येईल न येईल. बाईंनी त्याला विचारलं की डिस्कचे किती भाग खराब झालेत, आकडा सांगा. तो म्हणाला, असा आकडा नसतो. बाईंनी लॅपटॉप काउंटरवरून उचलला, पिशवीत घातला आणि सरळ रिक्षात जाऊन बसल्या. रिक्षात म्हणाल्या, "आकडा असतो. मी काल रात्रीच काढलाय. त्याला माहीत आहे का, ते बघायला आलो होतो."

एसएसडी मागवली, नव्या तऱ्हेची डिस्क. पत्त्यांच्या कॅटापेक्षा पातळ, हलकी. बाई तिला तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसल्या. आत फिरणारं काही नाही ह्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी मला एक्स्चेंजचं सांगितलं. जुन्या एक्स्चेंजमध्ये नंबर जोडून देणारे फिरते सिलेक्टर असायचे, दिवसभर हॉलमध्ये खडखडाट. इलेक्ट्रॉनिक आलं तेव्हा हॉल एकदम गप्प झाला आणि पहिले कित्येक दिवस त्यांना वाटायचं की गाव मेलं. त्या बदलाचीही एक रीत होती. जुनं एक्स्चेंज आधी तोडायचं नाही. नवं शेजारी उभं करायचं, दोन्ही जोडून ठेवायची, नव्यावर घंटी वाजते ह्याची खात्री करायची, आणि मगच जुन्याच्या तारा कापायच्या. ही रीत मोडून कुणीतरी घाई केली आणि एक अख्खं गाव दोन दिवस मुकं झालं, असं त्या सांगायच्या. गावाचं नाव मी कितीदा विचारलं, सांगितलं नाही.

तर त्याच रीतीने आमचं ठरलं. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर उतरवायची, विंडोज, लिनक्स, त्या फाँटच्या सॉफ्टवेअरसकट. मग एसएसडी मुख्य जागी बसवायची, आणि जुनी डिस्क फेकायची नाही, डीव्हीडीच्या खाचेत घालून पंधरा दिवस सोबत ठेवायची. नक्कल उतरायला सकाळपासून संध्याकाळ झाली. वाचता न येणाऱ्या जागा आल्या की मशीन अडायचं, परत मागे जायचं, परत प्रयत्न करायचं. त्या दिवशी बाईंनी जेवणसुद्धा वर आणून माझ्या खोलीतच केलं, आणि कुणाचाही फोन घेतला नाही.

मशीन चालू झालं. विंडोज उघडलं ते असं, की मी पाणी प्यायला उठले आणि तांब्या तोंडाला लावायच्या आत ते तयार. जुन्या फाँटचं सॉफ्टवेअर उघडलं. मी बाईंना मिठी मारली; त्या खांबासारख्या उभ्या राहिल्या. मग लिनक्स उघडलं. ते उघडलं नेहमीसारखं. म्हणजे सावकाश.

मी तसं म्हणाले. बाई म्हणाल्या, "लिनक्स आधीपासूनच चपळ होतं, म्हणून फरक जाणवत नाही. तुझ्या त्या दुसऱ्यात सुधारायला जागा होती."

मला ते पटलं नव्हतं. पण बाईंसमोर लिनक्सबद्दल वाईट बोलायचं म्हणजे देवळात उभं राहून देवाला नावं ठेवण्यासारखं, म्हणून गप्प बसले. त्यांनी परीक्षाही घेतली, चोख. एक्स्चेंजमध्ये लाइन तपासताना त्या कधी 'ऐकू येतंय का' विचारत नसत, कारण माणूस सवयीने हो म्हणतो. त्याप्रमाणे मला त्यांनी फाईली उघडायला लावल्या आणि प्रत्येकीतली शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावली. सगळ्या ओळी जागेवर होत्या. बाईंनी वहीत तारीख घातली.

त्याच आठवड्यात राहात्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं काम आलं. पेरूच्या बागांवर पुस्तक, आठ वह्या, सगळं हाताने लिहिलेलं, अक्षर असं की एखादी ओळ अंदाजानेच घ्यावी. प्रेसला द्यायची तारीख ठरलेली होती आणि मला ते काम देणाऱ्या प्रेसवाल्याने स्वच्छ सांगितलं होतं की ही वेळ पाळलीस तर पुढची पुस्तकं तुझी, चुकवलीस तर माझ्याकडे दुसरी माणसं आहेत. मी लिनक्सवर कामाला लागले. अकरा दिवसांत एकशे चाळीस पानं केली. पाठीचा कणा मोडला, पण केली.

बाराव्या दिवशी सकाळी मशीन अडलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि खाचेतून तो टक, टक. मी हाक मारली. बाई वर आल्या, कान लावून ऐकलं, आणि जुनी डिस्क ओढून बाहेर काढली. नवी आहे ना आत, म्हणाल्या, ही मेली तर मरू दे. परत चालू केलं.

लिनक्स डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडलं. इतकं जलद ते माझ्या मशीनवर कधीच उघडलं नव्हतं. मी पुस्तकाचं फोल्डर शोधलं. फोल्डर नव्हतं. शेवटची फाईल होती ती नक्कल उतरवली त्या दिवसाची.

बाईंना माझ्याआधी कळलं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि मला समजावून सांगू लागल्या, आवाज अगदी सपाट. डिस्कच्या प्रत्येक भागाला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. हुबेहूब नक्कल केली की तो क्रमांकही हुबेहूब उतरतो. चालू होताना लिनक्स तो क्रमांक पुकारतं, आणि जी डिस्क आधी हजर म्हणेल तिच्यात जाऊन बसतं. जुनी आत असताना दर वेळी जुनीच आधी हजर म्हणत होती. विंडोज नव्यावर आलं, लिनक्स जुन्यावरच राहिलं. परीक्षाही जुन्यावरच झाली. एकशे चाळीस पानंही जुन्यावरच लिहिली गेली.

"अकरा दिवस आपण जुन्याच लाइनवर बोलत होतो," त्या म्हणाल्या. "ते सावकाश चालत होतं तेव्हाच तू सांगितलंस. मी ऐकलं नाही."

जुनी डिस्क आम्ही तीनदा जोडून पाहिली. ती काही बोलली नाही.

मला बाईंचा भयंकर राग आला. आजही खोटं बोलणार नाही, त्या क्षणी त्यांचं तोंड बघवेना. मी म्हणाले, तुमचं ते लिनक्स आणि तुमचं ते एक्स्चेंज, त्यापायी माझं घर गेलं. पंधरा दिवस सोबत ठेवायची म्हणे; त्या दिवशीच काढून फेकली असती तर ही वेळ आली नसती. बाई खाली निघून गेल्या. मी भावाला फोन लावला आणि रडत रडत सांगितलं की काम गेलं, मी येते. तो म्हणाला, रडू नगं, गुरुवारी कांदा घेऊन नगरला येणारच हाय, टेम्पो रिकामाच परत जातोय, सामान बांधून ठेव.

फोन ठेवला आणि थोड्या वेळाने बाई परत वर आल्या. हातात पाण्याचा तांब्या, नाकावर वाचायचा चष्मा. माफी वगैरे काही मागितली नाही. मी ओळखत होते तेवढ्या काळात त्यांनी ती कुणाची मागितली नव्हती. मुख्याध्यापकांची पहिली वही उघडून खुर्ची ओढली.

"बस. मी वाचते, तू टाईप कर. बघून टायपायला अकरा दिवस लागले, ऐकून पाच लागतील."

"मला जमणार नाही, बाई."

"जमणार नाही तर जमणार नाही म्हणत टाईप कर. पान एक."

अशी मी बसले, त्यांच्यावरचा राग मनात धरूनच. बाईंचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. ऑपरेटरचा आवाज, एकेक अक्षर सुटं, घाई नाही, चढउतार नाही. स्वल्पविराम म्हणायच्या, पूर्णविराम म्हणायच्या, परिच्छेद म्हणायच्या. अक्षर लागलं नाही तर अंदाज नाही करायचा, थेट मुख्याध्यापकांना फोन, शब्द विचारायचा, ठेवायचा. दर पानाला थांबून मला ते पान एसएसडीवर आणि पेनड्राइव्हवर ठेवायला लावायच्या, आणि पेनड्राइव्ह त्यांच्या मशीनवर नेऊन उघडून बघायच्या. गुडघे दुखत होते, तरी जिना दिवसातून तीस वेळा. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की माझा राग केव्हातरी उतरलाय आणि मला भूक लागलीय.

पुस्तक तारखेला प्रेसला पोचलं, पुढचीही माझ्याकडेच आली. गेल्या वर्षी बाईंची मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. जिना झेपेना. जाताना बाईंनी वायरांची वही माझ्या हातात दिली आणि सांगितलं की सात नंबरला हात लावू नकोस. सात नंबर कुठे जाते ते वहीत नाही. मी हात लावलेला नाही. लोक अजून मला विचारतात की त्या म्हातारीबरोबर एवढी वर्षं कशी काढलीस. मी म्हणते, मजेत काढली, आणि तुमचं काय बिघडलं?

तर गुरुवार. सामान बांधायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही, आणि भावाला नको म्हणून कळवायचंही. आम्ही ब्याण्णवाव्या पानावर होतो. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, आणि भाऊ डोक्याचा रुमाल सोडत वर आला. बघतो तर खोलीत एकही गाठोडं बांधलेलं नाही, मी टाईप करतेय आणि बाई वाचतायत. बाईंचा घसा बसून आवाज चिरका झालेला. त्याने दारातच उभं राहून विचारलं की हे काय चाललंय.

बाई उठल्या. म्हणाल्या, चूक माझी आहे, हिची नाही. माझ्या चुकीसाठी हिला नेऊ नका. भाऊ माझ्याकडे वळला.

"तूच म्हनली हुतीस. बंद पडला की येते."

"लॅपटॉप बंद पडलेला नाही, दादा. हा बघ चालू आहे. काम गेलं, ते मी परत करतेय."

"परत गेलं तर?"

"तर परत करीन."

त्याने त्या पडद्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि म्हणाला, मावशी, तुमी जरा बसा, घसा गेलाय तुमचा. वही त्याने स्वतःच्या हातात घेतली. भिंतीला टेकून खाली बसला आणि वाचायला लागला, शाळेत वाचायचा तसा, बोट फिरवत, अडखळत. दोन पानं गेली आणि थांबला. म्हणाला, हे चूक लिवलंय, आसं छाटलं तर झाड बसंल, वाढायचं न्हाई. बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या की जे लिहिलंय ते वाचा, तुमचं मत विचारलेलं नाही. तो पुढे वाचायला लागला. टेम्पो दुपारभर गल्लीत उभा होता. पाठीमागे दूधवाला अडकला, कुणी कुणी हॉर्न वाजवले, खालून एकाने शिवीही दिली. आम्ही एकशे पाचपर्यंत गेलो.

जायला निघाला तेव्हा मी खाली सोडायला गेले. टेम्पोच्या हौद्यात कांद्याची सालं आणि रिकामी पोती होती. तो आत बसला, किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"मग घरी कवा येतीस?"

"दिवाळीला येईन. चार दिवस. माहेरपणाला."

ह्या घरातून त्या घरी माहेरपणाला. मी इतकी वर्षं तो शब्द तोंडातून काढला नव्हता. भावाने किल्ली फिरवून गाडी सुरू केली.

"ये," म्हणाला. "वहिनीला सांगतो, चार दिवस तुला चुलीपाशी फिरकू द्यायचं न्हाई."